अल्झायमर विकाराचा प्रगतिक्रम
अल्झायमर विकाराचा प्रगतिक्रम : स्मृतिभ्रंशाच्या कारणांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या अल्झायमर विकारात मेंदूतील ऊतींचा आणि रुग्णाच्या दैनंदिन क्षमतांचा ऱ्हास ज्या क्रमाने होत जातो, त्याला विकाराचा प्रगतिक्रम म्हणतात. हे दोन्ही ऱ्हास परस्परांशी निगडित असले, तरी ते बरोबरीने चालत नाहीत. मेंदूतील बदल लक्षणे दिसण्याच्या साधारणतः १५ ते २० वर्षे आधी सुरू होत असावेत, असे आता मानले जाते.

या क्रमाचे पहिले बारकाईचे वर्णन जर्मन मनोविकारतज्ज्ञ आलोइस अल्झायमर यांच्या टिपणांत सापडते. नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झालेल्या आउगुस्टे डेटर या ५१ वर्षांच्या स्त्रीला त्यांनी नाव विचारले, तेव्हा तिने ‘आउगुस्टे’ असे सांगितले. आडनाव विचारल्यावर तेच सांगितले आणि पतीचे नाव विचारल्यावरही ‘बहुधा आउगुस्टे’ असेच उत्तर दिले. दाखवलेल्या वस्तूंची नावे ती बरोबर सांगे. मात्र थोड्याच वेळाने कोणत्या वस्तू दाखवल्या होत्या, हे तिला आठवत नसे. वस्तू ओळखण्याची शक्ती बऱ्याच अंशी शाबूत असताना नवी आठवण साठवण्याची शक्ती नाहीशी होणे, हे या विकाराचे मर्म या छोट्या प्रसंगात उघड दिसते. एप्रिल १९०६ मध्ये तिचा मृत्यू झाल्यावर अल्झायमर यांना तिच्या मेंदूत पेशींबाहेर साचलेले पुंजके (साचे) आणि पेशींच्या आतील तंतूंचे गुंते आढळले. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १९१० मध्ये आपल्या पाठ्यग्रंथात या विकाराला अल्झायमर यांचे नाव दिले. प्रागमधील ओस्कार फिशर यांनी १९०७ मध्येच वृद्धांच्या स्मृतिभ्रंशात असे साचे नोंदवले होते आणि त्या श्रेयाचा उल्लेख पुढील लेखनात पुरेसा झालेला नाही.

यांपैकी साचे बीटा-अमिलॉइड या प्रथिनाचे, तर गुंते टाऊ या प्रथिनाचे असतात. त्यांपैकी मूळ कोणते, हा वाद अद्याप मिटलेला नाही. जॉन हार्डी व जेराल्ड हिगिन्स यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार अमिलॉइडचे साचणे हे आद्य कारण असून गुंते व पेशींचा नाश हे त्याचे परिणाम होत. आनुवंशिक प्रकारांतील उत्परिवर्तने (जनुकांतील बदल) अमिलॉइडच्या निर्मितीशीच निगडित असल्यामुळे या मताला मोठा आधार मिळतो. उलटपक्षी हाइको व एव्हा ब्राक यांनी १९९१ मध्ये गुंत्यांच्या प्रसाराचे सहा टप्पे दाखवले: पहिल्या दोहोंत स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पसच्या लगतचा भाग, पुढील दोहोंत हिप्पोकॅम्पस व त्याच्याशी जोडलेले भाग, आणि अखेरच्या दोहोंत मेंदूच्या बाह्यकाचा (बाहेरील थराचा) विस्तृत प्रदेश ग्रासला जातो. अमिलॉइड याच्या जवळजवळ उलट, म्हणजे बाह्यकाकडून आतील भागांकडे पसरतो. पुढे ब्राक व त्यांच्या सहकाऱ्यांना टाऊचे अगदी आरंभीचे बदल तिशीच्या आतील काहींच्या मस्तिष्कस्तंभातही (मेंदूला मेरुरज्जूशी जोडणाऱ्या भागातही) आढळले. मात्र असा प्रत्येक बदल विकाराची सुरुवातच मानावी का, याविषयी मतभेद आहेत. आरंभ अमिलॉइडपासून होतो असे धरले, तरी लक्षणांची तीव्रता अमिलॉइडच्या प्रमाणापेक्षा गुंत्यांच्या प्रसाराशी अधिक जुळते, असे मानणे सयुक्तिक वाटते. स्मृती आधी आणि भाषा, दिशाज्ञान व निर्णयशक्ती मागाहून ढासळते, या नेहमीच्या अनुक्रमाचा उलगडाही ब्राक यांच्या टप्प्यांवरूनच होतो. डोळ्यांनी पाहिलेल्याचा अर्थ लावण्याची किंवा बोलण्याची क्षमता प्रथम बाधित होणारे प्रकारही आहेत. ते मुख्यत्वे कमी वयाच्या रुग्णांत दिसतात.

लक्षणांच्या पायऱ्या ठरवणाऱ्या मापनपद्धती अनेक आहेत. बॅरी राइसबर्ग यांची १९८२ ची सात पायऱ्यांची श्रेणी बरीच प्रचलित आहे. रुग्णाच्या कार्यक्षमतेवर आधारलेल्या त्यांच्याच दुसऱ्या श्रेणीत, प्रसंगाला योग्य कपडे निवडता न येणे ही मध्यम अवस्थेची खूण मानली आहे. पुढे कपडे घालणे, अंघोळ करणे, शौचास जाऊन स्वच्छता राखणे यांसाठी मदत लागू लागते. त्यानंतर मूत्रावरील व मलावरील ताबा सुटतो. शेवटच्या पायरीत बोलणे मोजक्या शब्दांवर येते, मग चालणे, आधाराविना बसणे, हसणे आणि मान धरणे या क्षमता त्याच ओळीने जातात. मूल ज्या क्रमाने या गोष्टी शिकते त्याच्या उलट हा क्रम असल्याकडे राइसबर्ग यांनी लक्ष वेधले आहे. हे साम्य लक्षणीय खरे, पण त्यावरून रुग्णाला बालक समजणे चूक ठरेल. त्याच्यामागे एक पूर्ण जगलेले आयुष्य असते आणि जुन्या आठवणी व भावना दीर्घकाळ टिकून राहतात. पायऱ्यांमधील सीमारेषाही प्रत्यक्षात इतक्या ठळक नसतात. जंतुसंसर्गाने किंवा रुग्णालयातील मुक्कामाने येणारा अचानक भ्रम म्हणजे पुढची पायरी, असा समज होऊ शकतो. त्याचे कारण वेगळे शोधावे लागते.

निदानानंतरचे आयुष्य सरासरी चार ते आठ वर्षांचे सांगितले जाते. काही जण वीस वर्षांपर्यंतही जगतात. लेकानेमॅब व डोनानेमॅब ही अमिलॉइड हटवणारी औषधे आरंभीच्या अवस्थेत ऱ्हासाचा वेग काहीसा मंदावतात, पण तो थांबवत नाहीत.

अखेरच्या अवस्थेत गिळण्याची क्रिया बिघडते, अन्नाचे कण श्वासमार्गात जातात आणि त्यातून होणारा न्यूमोनिया हे मृत्यूचे एक प्रमुख कारण ठरते. या टप्प्यावर नळीने अन्न दिल्याने आयुष्य वाढत असल्याचे दिसून आलेले नाही; त्यामुळे रुग्णाला टेकून बसवून, त्याच्या गतीने, हाताने थोडे थोडे भरवणे श्रेयस्कर मानले जाते.