टेस्टर लुकलुकला, पण डिसेंबरात

जुलैत नौपाड्यातल्या आमच्या गॅलरीत भाचीनं आणि मी थेंबांतून वीज काढायचा घाट घातला. बाहेर धो धो पाऊस, पाण्याला तोटा नाही. तासभर थेंब पडत राहिले, पण टेस्टरमधला निऑन दिवा काही लुकलुकला नाही. "मामा, पाणी कमी पडतंय का?" तिनं विचारलं. खरं तर पाणीच नडत होतं.

हे यंत्र 1867 सालचं, विल्यम थॉमसन यांचं. पुढे ते लॉर्ड केल्व्हिन झाले, तापमानाच्या एककाला ज्यांचं नाव आहे तेच. सामान घरातलंच. स्टुलावर पाण्याची बादली, तिच्यातून निघालेल्या सलाइनच्या दोन नळ्या, प्रत्येक नळीच्या तोंडाखाली तळ कापलेला पत्र्याचा डबा, म्हणजे कडं, आणि त्याखाली थेंब झेलायला दुसरा डबा. खालचे डबे प्लास्टिकच्या टबांवर ठेवायचे. तारा मात्र उलटसुलट जोडायच्या: डावा खालचा डबा उजव्या कड्याला, उजवा डाव्या कड्याला.

समजा, डाव्या डब्यावर योगायोगानं किंचित ऋण भार आहे. तारेमुळे उजवं कडंही ऋण होतं. त्याच्यामुळे वरच्या पाण्यातला धन भार नळीच्या टोकाशी ओढला जातो आणि तुटणारा थेंब तो घेऊन उजव्या डब्यात पडतो. आता उजवा डबा धन, म्हणून डावं कडं धन, म्हणून डावीकडचे थेंब ऋण. डाव्या डब्याचा ऋण भार आणखी वाढला! पैशाकडे पैसा ओढला जातो, तसंच हे. चक्र फिरत राहिलं की काही सेकंदांत व्होल्टेज हजारांत जातं. अट एवढीच की धार कड्याच्या आत तुटून तिचे थेंब झाले पाहिजेत. अखंड धार कड्यातून खाली गेली तर तिच्यातूनच भार निसटतो. सलाइनचा रोलर इथे फार उपयोगी पडतो.

मग जुलैत काय बिघडलं? दमट हवेतून वीज वाहून जाते असं सगळे सांगतात, पण ओलसर हवा स्वतः काही चांगली वाहक नाही. खरा चोर टबांच्या पृष्ठभागावर होता. प्लास्टिकवर पाण्याचा अगदी पातळ थर बसतो, त्यात धूळ आणि हाताच्या घामाचं मीठ मिसळतं, आणि त्या वाटेनं भार जमिनीत मुरतो. जमा होण्याचा वेग गळतीहून कमी पडला की सगळं ठप्प. डिसेंबरात आम्ही टब पुसून, हेअर ड्रायरनं शेकून पुन्हा मांडणी केली. खोलीत अंधार केला, टेस्टरचं टोक डब्याला लावलं आणि दिवा लख्खकन चमकला. दोन डब्यांना जोडलेली टाचण्यांची डोकी दोन मिलिमीटरवर आणली, तर चट् आवाज करत ठिणगी पडली. हवेत दर मिलिमीटरला साधारण 3,000 व्होल्ट लागतात, म्हणजे आमचे सहा हजारांच्या आसपास झाले!

आकडा ऐकून शेजारचे काका मोबाइल चार्ज करायला आले. त्यांना हिशेब मांडून दाखवला. एक लिटर पाणी अर्धा मीटर पडलं की मिळते जास्तीत जास्त पाच ज्यूल ऊर्जा. नऊ वॉटचा एलईडी तेवढ्यावर अर्धा सेकंदच जळेल, आणि आमच्या यंत्रात त्यातलाही अगदी नगण्य भाग विजेत उतरतो. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी वीस मीटर उंच धरली, तरी एका युनिटसाठी 18,000 लिटर पाणी सोडावं लागेल. शिवाय ते वर चढवायला पंपानं त्याहून जास्त वीज खाल्लेली असते. 1915 मध्ये खोपोलीहून मुंबईला वीज येऊ लागली, ती पाचशे मीटरहून उंचावरून पाणी सोडून. तिथे पाणी वर नेण्याचं काम सूर्य आणि पाऊस फुकट करतात.

भाचीला मात्र ठिणगीपेक्षा थेंबच जास्त आवडले. व्होल्टेज चढलं की ते सरळ पडेनासे होतात. खालचा डबा त्याच भाराचा, म्हणून तो त्यांना ढकलतो, आणि वरचं कडं मागे खेचतं. थेंब रेंगाळतात, बाहेर फेकले जातात, बारीक तुषार तर वळून कड्यालाच चिकटतात. त्यांच्या पडण्यातला जो वेग असा मारला जातो, तोच डब्यावर वीज बनून बसतो. ठिणगी पडली की सगळे थेंब क्षणभर पुन्हा सरळ पडू लागतात. गॅलरीची लादी त्या दिवशी तीनदा पुसावी लागली.