नायलॉनचा मांजा तुटत का नाही?

संक्रांत जवळ आली की नाशिकच्या वर्तमानपत्रांत ती बातमी येतेच. उड्डाणपुलावरून जाताना मांज्याने कुणाचा तरी गळा चिरलेला असतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली नायलॉन मांज्यावर देशभर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातो. ‘काच लावलेली असते, म्हणून तुटत नाही,’ असं बरेच जण म्हणतात. काच फक्त कापते. न तुटण्याचं कारण दोऱ्याच्या आत आहे.

नायलॉन पहिल्यांदा तयार झालं २८ फेब्रुवारी १९३५ रोजी, अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत, वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत. त्यात दोन प्रकारचे रेणू, प्रत्येकात सहा कार्बन. एकाच्या दोन्ही टोकांना अमाइन, म्हणजे नायट्रोजन आणि हायड्रोजनचा गट, दुसऱ्याच्या दोन्ही टोकांना आम्लाचा गट. टोकाला टोक जुळलं की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि साखळी वाढत जाते. ही जोडणी अमाइड बंधाची, म्हणजे एकाचा कार्बन दुसऱ्याच्या नायट्रोजनला जोडणारी. येवल्याच्या पैठणीतलं रेशीम हे प्रथिन, त्याच्याही साखळीत हाच बंध असतो. सोवळ्याला रेशीम चालतं आणि नायलॉनला विटाळ होतो, या समजुतीला रेणूंमध्ये कुठेही आधार नाही.

आता खरी गंमत. साधारण २६० अंशांना हे नायलॉन वितळतं. मग ते बारीक छिद्रांच्या चकतीतून दाबून बाहेर काढतात आणि थंड करतात. धागा मिळतो, पण कच्चा. आतल्या साखळ्या उकडलेल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. हा धागा ओढून मूळ लांबीच्या चार-पाच पट केला की साखळ्या ताणाच्या दिशेने सरळ होतात, शेजारी शेजारी येतात. एकीच्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन दुसरीच्या ऑक्सिजनकडे खेचला जातो. असा एक हायड्रोजन बंध दुबळाच, पण साखळीभर असे असंख्य असतात. ताण आला की तो सगळ्या साखळ्यांत वाटला जातो. १९३० साली कॅरोदर्स यांचे सहकारी ज्युलियन हिल यांना ओढण्याची ही करामत आधी एका पॉलिएस्टरमध्ये दिसली होती.

घरी करून पाहा. दुधाच्या रिकाम्या पिशवीची बोटभर रुंद पट्टी कापा आणि दोन्ही टोकं धरून सावकाश ओढा. मध्येच कुठेतरी तिला कंबर येईल, पट्टी लांबत जाईल आणि मग एकदम ताठर होईल. ती पिशवी पॉलिथिनची, तिथे हायड्रोजन बंध नाहीत, पण साखळ्या रांगेत येणं तेच.

सुती दोऱ्याचं तसं नाही. कापसाचे तंतू जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचे, पीळ देऊन एकमेकांना धरून ठेवलेले. जोराचा ताण बसला की ते घसरतात, तुटतात, आणि दोरा सुटतो. नायलॉनचा मांजा म्हणजे एकच सलग तंतू. तो आधी ताणला जातो, लगेच तुटत नाही, आणि गाडीचा सगळा जोर मिलिमीटरहूनही बारीक रेषेवर गळ्यात उतरतो.

सुती दोरा पावसात कुजतो, कारण सेल्युलोज पचवणारे जंतू मातीत भरपूर आहेत. नायलॉनची साखळी त्यांना सहजी तोडता येत नाही. गोदाकाठच्या झाडांवर अडकलेला मांजा पुढच्या संक्रांतीलाही तिथेच लटकत असतो, आणि घरट्याकडे परतणाऱ्या बगळ्याच्या पंखात गुंततो.