वस्तरा फिरवला म्हणून केस दाट येत नाहीत

कॅन्सरवरची केमो सुरू झाली की आमच्या बेळगाव-खानापूरकडे कुणीतरी मावशी सांगतेच, "आधीच चकोट करून टाक गं, मग बघ कसे दाट येतात!" सोबत जावळाचा दाखला. जावळ काढलं तरी बाळाचे केस वयानुसारच दाट होतात, ते असो.

वस्तरा कातडीवरचा केस कापतो, मूळ आत तसंच राहतं. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून खुंट हाताला राठ लागतो, एवढंच. केमोचं औषध भरभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतं. केसांच्या मुळातल्या पेशी त्यातल्याच, म्हणून साधारण 2-3 आठवड्यांत उशीवर पुंजके दिसू लागतात. सगळ्याच औषधांनी केस जातात असंही नाही.

पुंजके बघवत नाहीत म्हणून केस बारीक करायचे असतील तर खुशाल करा, पण मशीनने. केमोमुळे रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी असताना वस्तऱ्याची चीर महागात पडते. कांद्याचा रस तर नकोच, नाजूक कातडी भगभगते.

उपचार संपल्यावर बहुतेकांना 1-3 महिन्यांत मऊ लव येते. माझ्या काकूचे सरळ केस कुरळे आले, शहापूरच्या बाजारात ओळखीची बाई विचारत होती, "पार्लरला गेलतीस काय?"