कुर्द आहेत, पण कागदावर नाहीत: तुर्कस्तानातली जुनी भानगड

तुर्कस्तान, इराण, इराक, सीरिया या देशांत विखुरलेल्या, स्वतःची भाषा असलेल्या कुर्दांबद्दल बातमी आली की 'स्वतःचा देश नसलेले लोक' एवढं एक वाक्य असतं आणि मग थेट बंदुका. तुर्कस्तानात मात्र कुर्द म्हणून कुणी आहे की नाही, यावरच कितीतरी वर्षं वाद होता.

पहिल्या महायुद्धात ऑटोमन साम्राज्य हरलं, 1920 च्या सेव्हर्स तहात कुर्दांना स्वायत्तता आणि पुढेमागे वेगळा देश असं लिहून पण झालं होतं, पण मुस्तफा केमालने (पुढचा अतातुर्क, आधुनिक तुर्कस्तानचा संस्थापक) लढून डाव उलटवला आणि 1923 च्या लोझान तहात कुर्दांचं नावच नाही. खरी मेख पुढे आहे, त्या तहात अल्पसंख्याक म्हणजे फक्त बिगरमुस्लिम, आणि कुर्द तर बहुतेक मुसलमान, म्हणजे सरकारी हिशोबात ते तुर्कच! 1925 ला शेख सईद या कुर्द धर्मगुरूचं बंड झालं, त्याला आग्नेय तुर्कस्तानातल्या दियारबकिर शहरात फाशी दिली. नंतर कुर्दांना 'डोंगरी तुर्क' म्हणायची पद्धत पडली, गावांची नावंही बदलली.

1980 च्या लष्करी उठावानंतर तर कहर झाला. 1983 चा 2932 नंबरचा कायदा भाषेवर बंदी घालतो पण त्यात 'कुर्दिश' हा शब्दच नाही, काय तर म्हणे तुर्कस्तानने मान्यता दिलेल्या देशांच्या 'पहिल्या' अधिकृत भाषा सोडून इतर भाषांत विचार मांडायचे नाहीत. आता हे 'पहिल्या' कशाला? शेजारच्या इराकमध्ये अरबीच्या जोडीला, म्हणजे दुसरी भाषा म्हणून, कुर्दिशला दर्जा मिळाला होता ना, ती पळवाट बुजवली. वकिली डोकं मानलं पाहिजे.

हा कायदा 1991 मध्ये गेला. त्याच वर्षी लेयला झाना ही कुर्द बाई खासदार झाली, शपथ तुर्कीत घेतली आणि शेवटी एक वाक्य कुर्दिशमध्ये बोलली, तेही तुर्क-कुर्द भाईचाऱ्याचं, तर सभागृहात गोंधळ. 1994 ला इतर आरोप लावून 15 वर्षांची शिक्षा झाली, सुटली 2004 मध्ये.

अक्षरांचं तर विचारूच नका. 1928 च्या तुर्की लिपीत क्यू, डब्ल्यू, एक्स नाहीत, कुर्दिशला ती लागतात, त्यामुळे पोराचं नाव तसं नोंदवता येईना आणि नवरोज (वसंतातला नववर्षाचा सण) डब्ल्यूने लिहिलं तरी कोर्टात केस. ही अक्षरं वापरायला मोकळीक मिळाली 2013 च्या सुधारणांत. शाळेत कुर्दिश ऐच्छिक विषय म्हणून 2012 पासून घेता येतो, पण मातृभाषा म्हणून तुर्कीशिवाय दुसरी भाषा शिकवायची नाही हे राज्यघटनेचं 42 वं कलम अजून तसंच आहे.