अवघड प्रश्न आणि विचाराचा प्रश्न

‘या वेळी पेपरात विचार करायला लावणारे प्रश्न घातलेत’ असं कुणी शिक्षक म्हणाले की मी आधी पेपर बघायला मागते. बहुतेकदा प्रश्न नुसते अवघड असतात.

४३७८ ला ९२६ ने गुणा, हा अवघड प्रश्न. हातचे चुकतात, घाम फुटतो. पण रीत पाठ असली की ती नेटाने शेवटपर्यंत न्यायची, एवढंच काम. धड्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीतलं साल विचारणं हाही तसलाच प्रकार.

आता हा बघा: परिमिती २४ सेंटिमीटर असलेले आयत काढा. सगळ्यांत मोठं क्षेत्रफळ कोणाचं? आकडे किरकोळ. ११ आणि १ घेतले तर ११ चौरस सेंटिमीटर, १० आणि २ घेतले तर २०, ८ आणि ४ ला ३२. मुलं ६ आणि ६ पाशी येतात आणि अडतात. ‘पण हा तर चौरस झाला! चालेल का?’ खरा तास इथे सुरू होतो. वर्गात दोन तट पडतात आणि आयताची व्याख्या तोंडपाठ असलेलं मूलच पुढे सरसावतं. (पाठांतराला सरसकट झोडपणाऱ्यांनी हेही बघावं.)

शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या, विचाराच्या चढत्या सहा पायऱ्यांचा हवाला सगळेच देतात; २००१ च्या फेरमांडणीत नवनिर्मिती सर्वांत वर गेली. त्या पायऱ्या मुलाच्या डोक्यात काय चाललंय याच्या आहेत. किती मुलं नापास होतील, याच्या नव्हेत.

प्रश्नात ‘का’ घातला म्हणूनही भागत नाही. ‘शास्त्रीय कारण द्या: बर्फ पाण्यावर तरंगतो.’ घनता कमी, दोन गुण, पुढचा प्रश्न! त्यापेक्षा विचारावं: काठोकाठ भरलेल्या पेल्यात बर्फ तरंगतोय, तो वितळला की पाणी सांडेल का? सांडत नाही. तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारतो आणि वितळून तेवढंच पाणी होतो. तिथवर पोचताना मुलं भरपूर भांडतात.

पण हाही प्रश्न उत्तरासकट गाइडमध्ये आला की पुढच्या वर्षी घोकला जातो. मग मी बर्फात एक छोटासा खडा गोठवते, तरीही तो तरंगतोय ना एवढं बघते आणि विचारते, ‘आता वितळल्यावर पातळी तेवढीच राहील?’