सड्यावरचं पाणी, माळावरचा माळढोक

जुलै लागला की सोलापुरावर ढग येतात आणि तसेच पुढे निघून जातात. वारं सुटतं, अंधारून येतं, चार थेंब पडतात, संपलं. आपला खरा पाऊस सप्टेंबरचा. तोवर सगळ्यांचं लक्ष दौंडकडे. दौंडला नदीतून किती क्युसेक पाणी येतंय, उजनी धरण मायनसमधून प्लसमध्ये, म्हणजे मृत साठ्याच्या वर आलं का, यावर चहाच्या टपरीवर चर्चा झडतात. उजनी भरते ती आपल्या पावसावर नाहीच. ती भरते भीमाशंकर, लोणावळा, मुळशीच्या घाटमाथ्यावर कोसळणाऱ्या पावसावर. भीमा, भामा, इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड या सगळ्या नद्या ते पाणी गोळा करून इकडे आणतात.

आपल्याकडे पाऊस का नाही, याचं उत्तरही त्याच डोंगरात आहे. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीला धडकते आणि वर चढते. वर चढताना थंड होते, थंड हवेत वाफ मावत नाही, पाऊस पडतो. माथा ओलांडून तीच हवा खाली उतरू लागली की पुन्हा तापते आणि उरलेले ढगही विरू लागतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. तिथून जेमतेम वीस किलोमीटरवरच्या पाचगणीत तो निम्म्यावरही राहत नाही. आणि सोलापुरापर्यंत येता येता पाचशे-सातशेवर येतो. म्हणजे आपल्याला पाणी देणारा डोंगर आणि आपल्याला कोरडं ठेवणारा डोंगर एकच.

सह्याद्रीची जैवविविधता म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते भीमाशंकरचं दाट रान आणि त्यातला शेकरू. ते बरोबरच आहे. गुजरातपासून तमिळनाडूपर्यंत सोळाशे किलोमीटर पसरलेल्या या डोंगररांगेतली ३९ ठिकाणं २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात आली, त्यांत आपल्या राज्यातली चार: कोयना, चांदोली, राधानगरी आणि कास. यातली पहिली तीन जंगलं. चौथ्या ठिकाणाचं वैशिष्ट्य मात्र झाडांत नाही. तो आहे सडा, जांभ्या दगडाचा उघडा कातळ, समुद्रसपाटीपासून सुमारे बाराशे मीटरवर. मे महिन्यात या सड्यावर उभं राहिलात तर पायाला चटका बसेल आणि इथे पाहण्यासारखं काय आहे, असंच वाटेल.

पावसाळ्यात तिथे सुमारे साडेआठशे जातींच्या फुलझाडांची नोंद आहे. फोटोत दिसतो तो जांभळा गालिचा, पण माझ्या मते खरी गंमत त्या गालिच्याच्या खाली आहे. ‘सीतेची आसवं’ नावाचं निळसर जांभळं इवलंसं फूल कासवर लाखोंनी फुलतं. ही वनस्पती मांसाहारी आहे. कातळावरची माती बोटभर, त्यातलं नत्र पावसानं धुऊन नेलेलं, मग नत्र आणायचं कुठून? तर जिवंत किड्यांतून. ओल्या चिखलात तिचे बारीक पोकळ फुगे असतात, टाचणीच्या डोक्याहूनही लहान. झाड फुग्यातलं पाणी बाहेर काढत राहतं, त्यामुळे आतला दाब कमी होतो. फुग्याच्या दारावर केस असतात. एखादा सूक्ष्म जलजीव त्यांना घासून गेला की दार आत उघडतं आणि दाबलेला ड्रॉपर पाण्यात सोडल्यावर व्हावं तसं पाणी जिवासकट आत ओढलं जातं. सगळा खेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटोपतो. मग दार बंद आणि पचन सुरू.

शेजारीच दवबिंदू असतो. त्याच्या पानावरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब चमकतात, किडा बसला की अडकला. आणि डबक्यांत वायतुरा, इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला तुरा असलेली पाणवनस्पती, जी साताऱ्याच्या आसपासचे सडे सोडले तर सहसा कुठे सापडत नाही. तिचा कंद कोरडे महिने चिखलाखाली पडून राहतो आणि पावसाची वाट बघतो.

अशा एवढ्याशा जागेपुरत्या जाती इथेच का झाल्या? एक तर परिस्थिती टोकाची: चार महिने पाणीच पाणी, आठ महिने भाजणारा दगड. जे दोन्ही सोसेल तेच टिकणार. दुसरं म्हणजे दोन सड्यांमध्ये खोल दऱ्या आणि जंगल. सड्यावरच्या रोपाला दरीत जगता येत नाही, म्हणून प्रत्येक सडा आपापला एकटा पडतो आणि हजारो-लाखो वर्षांत तिथलं रोप शेजारच्यापेक्षा वेगळं होत जातं. हे सडे पाणीही धरतात. भेगांत मुरलेलं पाणी खाली झऱ्यांना मिळतं, त्यावर पायथ्याची गावं जगतात.

आता घाट उतरून आपल्याकडे या. नान्नज, मार्डी, अकोलेकाटीचा माळ. इथेही माती उथळ, खाली मुरूम आणि काळा कातळ. पावसाळ्यात पवन्या, मारवेल, कुसळ वाढतं, बाकी वर्षभर पिवळं रान. त्यात काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल, धाविक. माळढोकासाठी १९७९ साली इथे अभयारण्य झालं. हा पक्षी पंधरा किलोपर्यंत भरतो, मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. दूरवरचं दिसलं पाहिजे, ही त्याची पहिली गरज. गवत, मधेच ज्वारी, करडई, भुईमूग, त्यातले नाकतोडे, अशा कोरडवाहू शिवारात त्याचं छान चाललं होतं.

मग उजनीचं पाणी कालव्यांनी आलं. घाटमाथ्यावरच्या त्या पावसानंच सोलापूरला राज्यातल्या आघाडीच्या साखर जिल्ह्यांत नेऊन बसवलं. शेतकऱ्यानं ऊस लावला यात त्याची काही चूक नाही. ज्वारीच्या भावात कोण संसार करणार? पण पुरुषभर उंच उसात माळढोकाला काही दिसत नाही, तो तिथे उतरत नाही. अभयारण्याची आखणीही विचित्र झाली होती. सोलापूर आणि नगर मिळून ८,४९६ चौरस किलोमीटर, म्हणजे गावंच्या गावं कागदावर अभयारण्यात. जमिनीचा व्यवहार अडला, विहिरीची, घराची परवानगी अडली आणि लोकांचा राग निघाला पक्ष्यावर. पुढे हद्द कमी करून १,२२२ चौरस किलोमीटर केली गेली, तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं. आज देशभरात माळढोक दीडशेच्या आतच उरलेत, बहुतेक राजस्थानात. नान्नजला तो दिसला तर बातमी होते.

सडा आणि माळ, दोन्हीकडचं दुखणं सारखं आहे. सरकारी दप्तरात ही जमीन पडीक किंवा पोटखराबा, म्हणजे लागवडीला न चालणारी. जिथे झाड नाही तिथे काहीच नाही, अशी आपली पक्की समजूत. म्हणून पावसाळा आला की उत्साहानं खड्डे घेतले जातात. गवताळ माळावर ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ लावली, तर सावलीनं गवत मरतं, काळवीट सरकतं आणि झाडावर बसलेल्या शिकारी पक्ष्याला जमिनीवरचं अंडं सहज दिसतं. कासची तऱ्हा थोडी वेगळी. फुलं वाचवायला तिथे कुंपण घातलं गेलं, गुरं आत जायची बंद झाली, आणि उंच गवत माजून बुटक्या फुलझाडांना दाबू लागल्याची तक्रार सुरू झाली. पुढे कुंपण काढावं लागलं. गुरांचं चरणं हा त्या पठाराच्या घडणीचाच भाग होता. धनगरांना हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

पडीक म्हटल्यावर पवनचक्क्याही तिथेच येणार. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर गळ्याला निळा-काळा-नारिंगी पंखा असलेला सरडा राहतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी झालेत आणि सरडे वाढलेत. वरून झडप घालणारा कुणी नाही, त्यामुळे माणूस अगदी जवळ गेला तरी ते पळत नाहीत. गर्दीमुळे मात्र अंगानं वाळलेले आणि रंगानंही फिके. एका पात्याचा परिणाम कुठवर जातो बघा. पवनऊर्जा नको असं यातून निघत नाही. पण ‘तिथे तर काहीच नाही’ हे कारण देऊन जागा ठरवू नये, एवढं निघतं. माळढोकाचाही सर्वांत मोठा शत्रू आज विजेची तार आहे. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यानं समोरचं नीट दिसत नाही, आणि एवढं जड अंग ऐन वेळी वळवता येत नाही.

कायद्याच्या बाजूनं सांगायचं तर सह्याद्री कसा राखावा यावर गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन यांचा २०१३ चा. पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा २०२४ मध्ये निघाला. यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

राजस्थानात २०१९ पासून माळढोकांचं कृत्रिम प्रजनन सुरू आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लूही जन्मलं. ही पिल्लं वाढवून मोकळ्यावर सोडायची तर गवताळ माळ लागणार, आणि असे माळ देशात मोजकेच उरलेत. नान्नजचा त्यांत नंबर लागायचा असेल तर तिथलं गवत राखावं लागेल, तारा जमिनीखाली घ्याव्या लागतील किंवा निदान त्यांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या तरी लावाव्या लागतील, आणि आसपासच्या शेतकऱ्याला ज्वारी-करडई परवडेल असं काही करावं लागेल. झाडं लावायचीच असतील तर ओढ्याच्या काठानं, बांधावर, शहरातल्या रस्त्यांच्या कडेला भरपूर जागा आहे. लिंब, करंज, चिंच, काहीही लावा.