हिमवादळ आणि व्हाइटआउट: एकात दिसत नाही, दुसऱ्यात दिसल्यासारखं वाटतं

अंटार्क्टिकाचा विषय निघाला की हिमवादळ आणि व्हाइटआउट एकच समजून लिहिलं जातं. इकडं लातूर, संभाजीनगरात स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये हेच, बातम्यांत हेच, आणि यूट्यूबवर व्हाइटआउट म्हटलं की दाढीवर बर्फ साचलेला, दोरी धरून वाकून चालणारा माणूस हमखास. तो माणूस हिमवादळात आहे. व्हाइटआउटमध्ये वाऱ्याची झुळूकसुद्धा नसू शकते.

हा फरक ज्याला रोज पोटापाण्यासाठी कळावा लागतो तो म्हणजे ध्रुवीय मोहिमेवरचा एअर ट्रॅफिक कंट्रोलर. अमेरिकेनं १९५५ साली ऑपरेशन डीप फ्रीझ ही अंटार्क्टिका मोहीम सुरू केली आणि तिथल्या मॅकमर्डो तळावर विमानांना वाट दाखवायचं काम पुढं कित्येक वर्षं अमेरिकी नौदलाच्या माणसांनी केलं. (नौदलाचा विमानांशी काय संबंध, असं कृपा करून विचारू नका. विमानवाहू जहाजं कुणाची असतात?) समुद्राच्या बर्फावरची धावपट्टी उन्हाळा चढला की भरवशाची राहत नाही, म्हणून तिथल्या इमारती घसरपट्ट्यांवर बांधलेल्या असायच्या आणि वेळ आली की ओढून दुसऱ्या धावपट्टीवर न्यायचे. आमच्या चिकलठाणा विमानतळाच्या टॉवरला हा ताप नाही.

हिमवादळावर फार शाई घालवत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. जोराचा वारा, उडणारा बर्फ, स्वतःचा हात दिसत नाही. मॅकमर्डोत त्याच्या तीन पायऱ्या ठरलेल्या आहेत. कंडिशन तीन म्हणजे नेहमीचं हवामान, दोन म्हणजे जपून, एक म्हणजे बाहेर पाऊल टाकायचं नाही. वारा ५५ नॉटच्या (ताशी सुमारे १०० किलोमीटरच्या) वर गेला, किंवा दृश्यता १०० फुटांच्या आत आली, किंवा वाऱ्यामुळं जाणवणारी थंडी उणे १०० फॅरनहाइटच्या खाली उतरली, की कंडिशन एक. तिन्हींपैकी एक झालं तरी पुरे. अशा वेळी कंट्रोलरला वैमानिकाची समजूत घालावी लागत नाही. आकडे समोर असतात, खिडकीबाहेर काय चाललंय ते शेंबड्या पोरालाही कळतं. हिमवादळ आडमुठं असतं, पण लबाड नसतं.

आता वरची तीन मोजमापं पुन्हा बघा: वारा, दृश्यता, थंडी. व्हाइटआउट यातल्या एकातही सापडत नाही. वारा पडलेला, हवा स्वच्छ, थंडी तिथल्या मानानं बेताची, म्हणजे कागदोपत्री कंडिशन तीन. आणि तरीही वैमानिकाला खालचा बर्फ कुठं आहे ते कळत नाही.

होतं असं. आकाशात सगळीकडं सारख्या जाडीचा ढगांचा थर असतो. ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला ८० ते ९० टक्के परत वर फेकतो, ढगाचा तळ त्यातला बराचसा पुन्हा खाली धाडतो, आणि ही देवाणघेवाण चालूच राहते. प्रकाश सगळ्या दिशांनी सारखाच यायला लागला की सावली पडत नाही. बर्फातला चढ, उतार, खड्डा, भेग आपल्याला दिसतात ते निव्वळ सावलीमुळं. सावली गेली की चढही गेला आणि खड्डाही गेला. मात्र काळं पिंप, निशाण, गडद कपड्यातला माणूस लांबूनही ठसठशीत दिसतो, कारण हवेत धुकं नाही की उडणारा बर्फ नाही. तो माणूस कशावर उभा आहे, एवढंच कळत नाही.

पैठणला नाथसागराच्या काठी, ढगाळ आणि वारा पडलेल्या सकाळी जे उभे राहिलेत त्यांनी याची झलक पाहिलेली आहे. पाणी आणि आभाळ एकाच राखाडी रंगाचं, मधली रेघ पुसलेली, आणि लांबवरची मासेमाराची होडी अधांतरी. होडी स्पष्ट दिसते. पाणी कुठं संपतं ते कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. हेच सगळं पांढऱ्या रंगात करा आणि त्यात ताशी चारपाचशे किलोमीटरनं शिरा.

खरी मेख पुढं आहे, आणि नोट्सवाले नेमके इथं घसरतात. हिमवादळात वैमानिकाला ठाऊक असतं की आपल्याला दिसत नाही. तो काचेबाहेर बघणं सोडतो आणि यंत्रांवर विसंबतो. व्हाइटआउटमध्ये त्याला वाटतं की आपल्याला दिसतंय. समोर पांढरं आहे, खाली पांढरं आहे, बाजूला कुठं काळे कडे दिसतायत; मेंदू मधली जागा स्वतःच भरून टाकतो आणि लांबवर पसरलेलं सपाट मैदान उभं करतो. तिथं मैदान नसून चढ असला तरी. त्यामुळं 'व्हाइटआउट म्हणजे काहीच न दिसणे' ही व्याख्या वाचली की माझं डोकं फिरतं. काहीच दिसत नसतं तर एवढी माणसं मेली नसती.

२८ नोव्हेंबर १९७९ ला एअर न्यूझीलंडचं डीसी-१० विमान ऑकलंडहून पर्यटकांना अंटार्क्टिका दाखवायला निघालं आणि मॅकमर्डोजवळच्या माउंट एरेबस या डोंगराच्या उतारावर आदळलं. २५७ जण होते, एकही वाचला नाही. एरेबस ३,७९४ मीटर उंच. विमान आदळलं ते साधारण ४५० मीटरवर, म्हणजे अगदी पायथ्याच्या बाजूला. थोड्याच वेळापूर्वी मॅकमर्डोतल्या नौदलाच्या कंट्रोलरनं, ज्याला रेडिओवर मॅक सेंटर म्हणत, त्यांना हवामान सांगितलं होतं: ढग साधारण २,००० फुटांवर, थोडा बर्फ पडतोय, तरी दृश्यता ४० मैलांच्या आसपास. प्रवाशांच्या कॅमेऱ्यांतले फोटो नंतर धुतले तेव्हा त्यातही बाहेरचं स्वच्छ दिसत होतं.

वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरून प्रश्न ठरलेला: "सर, चाळीस मैल दिसायलं होतं म्हणता, मग एवढा मोठा डोंगर कसा काय दिसला नाही?" प्रश्न रास्त आहे. कंट्रोलर खोटं बोलला का? नाही. वैमानिक आंधळा होता का? तेही नाही.

दृश्यता मोजतात कशी ते बघा. निरीक्षक बाहेर येतो आणि ठरलेल्या खुणा शोधतो. मॅकमर्डोच्या आसपास ब्लॅक आयलंड आहे, माउंट डिस्कव्हरी आहे. उघडा काळा खडक दिसला की तिथपर्यंतची हवा स्वच्छ, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. ४० मैल म्हणजे संभाजीनगरहून जालना ओलांडून थोडं पुढं. तेवढी हवा स्वच्छ होती हे खरं, आणि त्याच हवेत पांढऱ्या ढगाखालचा पांढरा उतार डोळ्याला लागत नव्हता हेही खरं. दृश्यतेचा आकडा हवेबद्दल बोलतो, जमिनीबद्दल नाही.

अपघाताला दुसरीही बाजू होती. संगणकातल्या मार्गाचे अक्षांश-रेखांश आदल्या रात्री बदलले होते आणि वैमानिकांना ते कुणी सांगितलं नव्हतं. आपण मॅकमर्डो साउंड या गोठलेल्या खाडीच्या सपाट बर्फावर आहोत अशी त्यांची खात्री होती, आणि व्हाइटआउटनं त्यांना नेमकं तेच दाखवलं. आधीच्या सरकारी तपासानं ठपका वैमानिकांवर ठेवला होता. न्यायमूर्ती पीटर महॉन यांच्या आयोगानं १९८१ मध्ये मार्गातला तो बदल आणि व्हाइटआउट पुढं आणले. मला महॉन पटतात. दिसत असताना माणूस न दिसणाऱ्या गोष्टीसाठी ब्रेक कशाला मारेल?

"पण रडार होतं की!" होतं. ढगातून १,५०० फुटांपर्यंत रडारच्या मदतीनं उतरवतो, असं मॅक सेंटरनं सुचवलंही होतं. पण रडार काय आणि व्हीएचएफ रेडिओ काय, दोघांनाही समोरासमोर मोकळी वाट लागते. मध्ये डोंगर आला की बोलणं तुटतं, आणि त्या दिवशी व्हीएचएफवर धड संपर्क होत नव्हता तो याच कारणानं. कंट्रोलर विमान 'बसवतो' ही समजूत आता तरी सोडा. तो माहिती देतो, अंतर राखतो, वाट सांगतो. बाहेर बघून उड्डाण करणाऱ्या वैमानिकाला डोंगर स्वतःच चुकवावा लागतो.

म्हणूनच अंटार्क्टिकातल्या हवामानाच्या निरोपात दृश्यतेच्या जोडीला दोन वेगळ्या नोंदी असतात: पृष्ठभाग किती स्पष्ट आणि क्षितिज किती स्पष्ट. दोन्हींना गुड, फेअर, पुअर, निल अशा श्रेणी. दृश्यता ४० मैल आणि पृष्ठभाग निल, क्षितिज निल असा निरोप तिथं विसंगत मानत नाहीत. चिकलठाण्याला किंवा नांदेडला अशा नोंदीची गरजच पडत नाही. खाली काळं रान असतं, रस्ते असतात, झाडं असतात.

हेलिकॉप्टर उतरताना पंख्याच्या वाऱ्यानं भुसभुशीत बर्फ उडतो आणि त्यातच ते बुडतं, त्यालाही काही जण व्हाइटआउट म्हणतात. भारतीय मोहिमांत जहाजावरून मैत्री तळाकडं सामान हेलिकॉप्टरनं जातं, तिथं हा धोका असतोच. पण त्याचा ढगांशी काही संबंध नाही आणि तो काही सेकंदांचा खेळ असतो, त्यामुळं इथं त्यात शिरत नाही.

राहिला प्रश्न, विमान येऊन ठेपलंय आणि खालचं काही कळत नाही, तर करायचं काय. ख्राइस्टचर्च ते मॅकमर्डो सुमारे ३,८०० किलोमीटर. वाटेत एक बिंदू असा येतो की तो ओलांडल्यावर परत फिरायला इंधन पुरत नाही, म्हणून ताजं हवामान त्याआधी वैमानिकाच्या कानावर घालणं हे कंट्रोलरचं सगळ्यात महत्त्वाचं काम. ओलांडल्यावर हवा फिरली तर शेवटचा उपाय म्हणून धावपट्टीजवळ सपाट बर्फाचा एक मोठा पट्टा राखून ठेवलेला आहे, तिथं खांब नाही की इमारत नाही. कंट्रोलर विमान त्या पट्ट्याच्या रेषेत आणून देतो. वैमानिक वेग आणि उतरण्याचा दर यंत्रावर बांधून घेतो, दर अगदी कमी ठेवतो, आणि विमानाखालच्या स्की (बर्फावर घसरायच्या पट्ट्या) बर्फाला लागेपर्यंत तो बदलत नाही. काचेबाहेर जमीन शोधायला बघितलं की हात आपोआप हलतो, म्हणून तेवढ्या वेळात बाहेर बघायचं नसतं.